भेकड हात

माझी निम्मी नोकरी टूथपेस्ट धुण्यात गेली. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसर आहे. जखमा धुणं, मलम लावणं, पट्ट्या बांधणं हे माझं काम. भाजलेला माणूस आला की त्याचं भाजलेलं आधी दिसतच नाही, दिसतो तो वरचा लेप. कोणी टूथपेस्ट थापून येतो, कोणी हळद, कोणी चुना, कोणी पोराच्या दप्तरातली शाई. एक गृहस्थ तर चुलीतली राख लावून आले होते, म्हणजे जिनं जाळलं तिचंच औषध. मी तोंड चालवत ते सगळं धुतो. "घरी पाणी नव्हतं का?" हा माझा ठरलेला प्रश्न. साधं, गार, वाहतं पाणी वीस मिनिटं घ्यायचं. बर्फ लावायचा नाही. सूज यायच्या आत अंगठी-बांगड्या काढायच्या, फोड फोडायचा नाही आणि वरून धुतलेलं स्वच्छ फडकं ठेवायचं. थोडक्या भाजण्याला इतकंच लागतं. इतकं सोपं असल्यामुळे लोकांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही, आणि मग माझं डोकं फिरतं.

इतकी वर्षं हेच पाहिल्यामुळे मला भाजलेलं वाचता यायला लागलं. उजव्या पोटरीला आतून लांबट डाग असला की मोटारसायकलचा सायलेन्सर. बारके गोल ठिपके असले की फोडणी उडाली. माझी पहिली नेमणूक आलापल्लीकडच्या जंगलातली. तिथे मोहफुलांचे दिवस आले की पायाचे तळवे भाजलेली माणसं यायची. मोहाखालचा पालापाचोळा लोक जाळून घेतात, म्हणजे पडलेली फुलं नजरेला येतात. वरून विझलेली दिसणारी ती जागा आतून धगधगत असते, आणि पहाटे अनवाणी फुलं वेचायला गेलेल्या बायकांच्या पायांना ते कळतं. त्या बायका ओसरीत बसून निमूट पाय पुढे करायच्या. दुखतं का विचारलं की मान हलवून हो म्हणायच्या, आणि मला बरं वाटायचं.

बरं वाटायचं, कारण भाजलेलं दुखतं तोवर ते वरवरचं असतं. खोल भाजलं की ती जागा दुखणंच विसरते. पांढरट पडलेली जखम घेऊन आलेला माणूस हसत "काहीच नाई दुखत भाऊ" म्हणाला की मी हातातलं काम टाकून त्याला आधी डॉक्टरपुढे नेतो. हे मला पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी शिकवलं आणि मी पुढे कितीतरी नव्या पोरापोरींना शिकवलं.

दुसरी गोष्टही त्यांनीच शिकवली. हात गरम वस्तूला लागतो तेव्हा तो आपण मागे घेत नाही, तो आपला आपण येतो. पोळल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायच्या आत पाठीच्या कण्यातूनच हुकूम सुटतो. रेल्वेच्या फाटकावरचा माणूस गाडी दिसल्यावर वरच्या साहेबाला विचारत बसत नाही, आधी फाटक पाडतो आणि मग कळवतो, तसं ते आहे. म्हणून तव्याला हात लागला तरी बहुतेकांना नुसता लाल चट्टा उठतो आणि दोन दिवसांत जातो. भाजणं किती खोल ते आग किती होती यावर असतं, आणि हात तिथे किती वेळ राहिला यावरही. जखम पाहून हात किती वेळ राहिला असेल ते मी साधारण सांगू शकतो. याचा मला जरा गर्वच होता.

आता बाईचं सांगतो. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई-बाबा रोवणीला, कापणीला जायचे आणि मला बाईच्या कडेवर टाकायचे. त्यामुळे आईच्या हातापेक्षा बाईचा हात मला जास्त आठवतो. थंडीत धान निघालं की वावरात पानगे व्हायचे. कणकेचे गोळे पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे. बाकीचे काडीनं उकरून काढत, बाई सरळ बोटांनी उचलायची, या हातातून त्या हातात उडवायची आणि माझ्यापुढे टाकायची. मी हात पुढे करायचो आणि पानगा लागायच्या आतच मागे घ्यायचो. ती खूप हसायची.

"तुझा हात लय भेकड हाये, बाबू. विस्तवानं नुसतं पाह्यलं तरी पळते."

लग्न होऊन ती सिंदेवाहीच्या पलीकडे एका खेड्यात गेली आणि तिथे तिचं नाव झालं ते लंबी रोटीमुळे. आमचा मुलूख भाताचा. गव्हाची लंबी रोटी व्हायची ती लग्नात नाहीतर मोठ्या जेवणावळीत. तिची कणीक इतकी सैल असते की नवख्या बाईच्या हातातून ओघळून जाते. ती आपटून आपटून तार आणायची, गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. क्षणात भाजते. लगेच उचलून रुमालासारखी घडी घालायची. मडकं कमी तापलं तर रोटी चिकटते, जास्त तापलं तर भोकं पडतात. पाण्याचा शिपका मारून नुसतं तापलं एवढंच कळतं. नेमकं कळतं ते हाताला. बाई मडक्याला तळवा टेकवायची, उचलायची आणि सांगायची, "थांब अजून," नाहीतर "आण गोळा." लग्नघरी पत्रिका छापायच्या आधी बाईला सांगून ठेवायचे. भाटवे, म्हणजे तिचे यजमान, वारले, मुलगा कामासाठी नागपूरला गेला, तरी बाई एकटी पडली नाही, कारण वैशाखात तिला घरी बसायला सवड नसायची.

टाळेबंदी उठून लग्नं पुन्हा धूमधडाक्यात व्हायला लागली त्या वर्षी मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या उजव्या करंगळीच्या कडेला चिंचोक्याएवढी जखम दिसली. मधे पांढरट, कडेला काळपट.

"हे काय बाई?"

"लागलं असन मडक्याचं. कवा लागलं समजलंच नाई."

"दुखतं का?"

"नाई बा. काहीच नाई दुखत."

इथे मी काय करायला पाहिजे होतं ते वर मीच लिहिलं आहे. मी हसलो. "हात आहे का चिमटा?" म्हणालो. पिशवीतलं मलम काढलं, नीट पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांना फुशारकीनं सांगितलं, आमच्या बाईचा हात आगीलाही भीत नाही. पुढच्या दोन वर्षांत मी त्याच हाताला आणखी तीनदा पट्टी बांधली. एकदा करंगळी, एकदा तिच्या शेजारचं बोट, एकदा तळव्याची बाहेरची कड. करंगळी जराशी वाकली होती. ती म्हणाली, "वय झालं," आणि मीही म्हणालो, वय झालं. कोपराच्या खाली एक फिकट चट्टा होता. रोटी करणाऱ्या बाईच्या हाताला धगीचे डाग असायचेच, त्याच्याकडे कोण बघतो?

खरं तर बघणारे दरवर्षी येत होते. आमच्या भागात अंगावर चट्टे, बधिरपणा आहे का हे विचारत आरोग्याची माणसं घरोघरी फिरतात. बाई त्यांना चहा पाजायची आणि सांगायची, हा चुलीचा डाग आहे. ते लिहून घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. मी स्वतः कितीदा त्या लोकांबरोबर दुसऱ्या गावांतून फिरलो आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी सरकारी खर्चानं घातला.

मग ती सकाळ आली. हिवाळा होता. मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं होतं, ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात, ज्याला आम्ही जर्मनचा गंज म्हणतो. बाई चुलीशी बसून मला शेजारच्या घरच्या लग्नाचं सांगत होती. थोरल्या पोरीचं लग्न ठरलं होतं, दीड महिन्यावर आलं होतं, आणि तीनशे माणसांच्या रोट्या बाईनं अंगावर घेतल्या होत्या. बोलता बोलता तिनं पाण्याचा अंदाज घ्यायला गंजाच्या काठावर हात टेकवला. नवऱ्या मुलाच्या आत्याची काहीतरी गंमत होती, ती सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. मीही हसत होतो.

आधी मला वास आला. तो वास मी कशातही ओळखतो. मी तिच्या पायांकडे पाहिलं, लुगड्याच्या काठाकडे पाहिलं, चुलीत काही पडलं का पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. हात गंजाच्या काठावर तसाच होता आणि बाई हसत होती.

मी तिचं मनगट धरून ओढलं. ती दचकली ती माझ्या ओढण्यानं.

"काऊन ओढतं रे? पाणी सांडलं असतं न."

मी तिला रांजणाशी नेलं, बांगड्या काढल्या आणि हातावर तांब्यानं पाणी ओतत राहिलो. एक तांब्या, दुसरा तांब्या. तळव्याच्या कडेला भिजवलेल्या वालाच्या सालासारखी कातडी सुटत होती आणि ती मला सांगत होती, "जाऊ दे बाबू, नाई दुखत." रांजण संपत आला तरी मी पाणी ओततच होतो, कारण पाणी थांबवलं की पुढचं करावं लागणार होतं.

पट्टी बांधून झाल्यावर मी तिला ओसरीवर बसवलं. खिशातलं पेन काढलं आणि म्हणालो, "बाई, डोळे मिट. मी पेनाचं टोक लावतो. लागलं तिथं बोट ठेवून दाखव."

"हे कोणता खेळ?"

"मिट तर खरं."

तिनं डोळे मिटले. आधी मी गालाला लावलं, तिनं नेमकं दाखवलं. डाव्या हाताला लावलं, दाखवलं. उजव्या अंगठ्याला लावलं, दाखवलं. मग करंगळीला लावलं. ती डोळे मिटून तशीच बसली, चेहऱ्यावर लहान मुलीसारखं कौतुक. मी टोक जरा दाबलं. शेजारच्या बोटाला लावलं. तळव्याच्या कडेला, पट्टीच्या वर लावलं. त्या फिकट चट्ट्यावर लावलं.

"लाव न मंग," ती म्हणाली. "कवाची बसली मी."

वाट बघून तिनं डोळे उघडले. पेन तिच्या चट्ट्यावर होतं आणि त्या जागी निळा ठिपका उठला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग करंगळीकडे पाहिलं. तिथेही ठिपका होता. आणि शेजारच्या बोटावर.

बाई शिकलेली नाही, पण ती याच मुलखात वाढली आहे. महारोग काय असतो, त्यात बोटं कशी होतात, आणि ज्यांना तो झाला त्यांच्यासाठी पूर्वी पंगतीत पान कुठे मांडत, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिनं पदर हातावर ओढला.

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली.

मी म्हणालो, सांगायचं तर डॉक्टरला आहे, आजच जाऊ. आता गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो, फुकट मिळतात, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही. हे सगळं मी इतक्यांदा इतक्या लोकांना सांगितलं आहे की ते आपोआप तोंडातून आलं. तिनं ते पुरं ऐकून घेतलं.

"तू म्हणतं ते खरं असन. पण हात दाखवून अवलक्षण कशाले? हे लग्न होऊन जाऊ दे. मंग नेजो मले जिथी नेतं तिथी."

"लग्नात तीनशे रोट्या भाजशील आणि बोटं घालवून बसशील."

"अन् आता गेली तं माह्या हातचं कोण खाईन? पोराचा फोन आठ दिवसानं येते. बाकी मले कोण विचारते ते या रोटीपायीच विचारते न?"

मला राग आला. कोणावर आला ते तेव्हा कळलं नाही. मी ओरडलो की दोन वर्षं या बोटांना पट्ट्या बांधतोय मी, दोन वर्षं तू दुखत नाही म्हणतेस आणि मी हसतोय, परक्या बाईनं असं सांगितलं असतं तर मी तिला तिथेच धरून डॉक्टरपुढे बसवलं असतं. तेव्हाच दवाखान्यात गेलो असतो तर या बोटांना कळणं परत आलं असतं. असं म्हणताना मला रडू फुटलं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, बहिणीच्या ओसरीवर बसून रडत होतो आणि शेजारची कोंबडी आमच्यामधून चालत गेली.

बाईनं मला रडू दिलं. तिनं मला माफ केलं की नाही ते मी आजवर विचारलेलं नाही. ती उठली, चुलीतली लाकडं बाहेर ओढून त्यांवर पाणी मारलं, आणि लुगडं बदलायला आत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "चाल."

वाटेत ती शेजाऱ्यांच्या दारात थांबली. मी मोटारसायकलवर बसून ऐकत होतो. लग्नाच्या रोट्या होणार नाहीत, दुसरी बाई पाहा, असं तिनं सांगितलं. का म्हणून त्यांनी विचारलं.

"हात दुखते," बाई म्हणाली.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या आहेत. त्यांनी बाईचा हात आपल्या हातात घेतला, तसाच, हातमोजा न घालता. मला तेवढ्यानं धीर आला. कोपराच्या आतल्या बाजूला त्यांनी चाचपून पाहिलं आणि माझंही बोट तिथे ठेवलं. नस सुतळीसारखी जाड लागली. मग त्यांनी जुने व्रण बघितले.

"ही ड्रेसिंग कुठे केली होती?"

"मी केली होती, मॅडम," मी म्हणालो.

त्या कागदावर लिहीत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बारा महिने गोळ्या झाल्या. पहिले काही दिवस लघवी तांबडी झाली तेव्हा ती घाबरली, मग कातडी काळवंडली तेव्हा चिडली. नसेच्या सुजेवर वेगळ्या गोळ्या होत्या, त्यांनी तळव्याचा थोडा भाग परत आला. तिथे पेन लावलं की ती अर्धवट विचारात पडून सांगायची, "लावलं वाटते." करंगळी आणि शेजारचं बोट मात्र परत आलं नाही. मॅडमनी सांगितलं, आता हाताचं काम डोळ्यांनी करायचं. पेला धरण्याआधी बघायचं, चिमटा-फडकं घेतल्याशिवाय चुलीशी जायचं नाही, रोज हात पाण्यात भिजवून तेल लावायचं, आणि निजण्याआधी दोन्ही हात उलटसुलट बघायचे, कुठे काही लागलं का ते. बाई त्याला हाताची हजेरी म्हणायची. मी तिच्या सगळ्या भांड्यांना लाकडी मुठी बसवून दिल्या. पहिल्या दिवशी तिनं चिमट्यानं भाकर उलटली आणि चिमटा चुलीमागे फेकून दिला. मी तो उचलून धुऊन पुन्हा तिच्यापुढे ठेवला. असं आमचं आठ दिवस चाललं.

गावात तिनं स्वतःच सांगितलं. मी नको म्हणत होतो. दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट येतं ते लोकांना दिसतंच, लोक काय ते जुळवणारच, त्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं असं तिचं म्हणणं पडलं. दोन घरांनी येणं-जाणं बंद केलं. ज्यांच्या लग्नाच्या रोट्या तिनं नाकारल्या होत्या त्या शेजारणीनं ऐकून घेतलं आणि ती घरात निघून गेली. ते लग्न झालं तेव्हा बाईला बोलावणं आलं, पण ती गेली नाही. दार लावून बसली. त्या वैशाखात तिला कुणी बोलावलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. मी आठवड्याला चक्कर मारायचो. ती सारखी हातांकडे बघत बसलेली असायची. तेवढं तरी ती सांगितल्यासारखं करत होती.

यंदा त्या शेजारणीच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. एका दुपारी ती शेजारीण अंगणात येऊन उभी राहिली. योगायोगानं मी तिथे होतो. बराच वेळ ती पाऊसपाण्याचं बोलली, तांदळाचं बोलली. मग म्हणाली, "मागच्या लग्नात रोट्या चामड्यासारख्या झाल्या होत्या, बाई. तुमी फक्त मडक्यापाशी बसा. पोरी भाजतीन."

शेजारीण गेल्यावर बाई आत गेली आणि कणकेची परात खाली काढून घासायला बसली. घासलेलीच होती ती.

लग्नाच्या सकाळी मांडवामागे चूल पेटली, मडकं पालथं पडलं. बाईनं कणीक आपटली, तार आणली, दोन्ही हातांवर झुलवून लांबवली. गार कणकेला घाबरायचं कारण नव्हतं, आणि वाकलेल्या दोन बोटांचं ओझं बाकीच्या बोटांनी घेतलं. पोरींशी तिचं ठरलं होतं, लांबवायचं तिनं आणि मडक्यावरून उचलायचं पोरींनी. पण मडकं तापलं की नाही ते कोण सांगणार? एका पोरीनं पाण्याचा शिपका मारला. तेवढ्यानं भागत नाही अशी बाईनं मान हलवली. तिचा उजवा हात सवयीनं मडक्याकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि तिनं तो मांडीवर घेतला. मग आजूबाजूला पाहिलं. मी पाहुण्यांमध्ये खुर्चीवर बसलो होतो.

"बाबू," तिनं हाक मारली. "तुझा भेकड हात आण इकडं."

मी जाऊन तिच्याशेजारी उकिडवा बसलो. "टेकव," ती म्हणाली. मी बोटं मडक्याला टेकवली आणि हात उडून परत आला. पोरी हसल्या. बाई हसली नाही. ती माझ्या हाताकडे टक लावून बघत होती.

"नाई तापलं अजून," ती म्हणाली. "हळू आला वापस."

थोडी लाकडं सारली. पुन्हा टेकव म्हणाली. या वेळी मी ठरवलं की जरा वेळ ठेवायचा, तिला नीट कळू द्यायचं. ठरवून काय होतं? हात माझं न ऐकता आला. "थोडं राह्यलं," ती म्हणाली. तिसऱ्यांदा बोटं लागली की नाही तेच मला समजलं नाही, इतक्या झटक्यात हात छातीशी आला.

"आण गोळा," बाई म्हणाली.

पहिली रोटी मडक्यावर पडली. भोक पडलं नाही, चिकटली नाही. पोरीनं उचलून घडी घातली आणि बाईच्या डाव्या हातात दिली. शेजारणीनं ती बाईच्या हातूनच घेतली, उभ्या उभ्या अर्धी तोडून तोंडात टाकली आणि पाहुण्यांकडे निघून गेली. त्या दिवशी मडकं उतरेपर्यंत मी तिथून उठलो नाही. मडकं निवलं वाटलं की बाई नुसती माझ्याकडे बघायची आणि मी हात पुढे करायचो.

दुपारी चूल विझली तेव्हा माझी तीन बोटं लाल झाली होती. एका पोरीनं कुठूनशी टूथपेस्ट आणली. बाईनं तिला हाकलून लावलं. रांजणातलं पाणी घमेल्यात ओतलं, माझं मनगट धरून बोटं पाण्यात बुडवली आणि वर येऊ नयेत म्हणून आपल्या हातानं दाबून धरली. तिची ती दोन बोटंही माझ्या बोटांवर, पाण्यात.

जरा वेळानं तिनं खालच्या आवाजात विचारलं, "पाणी गार हाये का रे?"

"हो," मी म्हणालो, "गार आहे."